बासन व रुमाल : पोथीच्या वस्त्राचें साधनमूल्य

जुन्या पोथ्यांचें वर्णन करण्याची जी पद्धति आपल्याकडे रूढ झाली आहे, तींत पत्रसंख्या, पत्राची लांबी-रुंदी, दर पृष्ठावरील ओळी, अक्षराचें वळण, कागद, शाई, लेखनकाल, लेखकाचें नांव व स्थळ इतक्या गोष्टी बहुधा येतात. पोथी ज्या कापडांत बांधलेली मिळाली त्या कापडाविषयीं मात्र क्वचितच एखादा शब्द असतो. संग्राहक पोथी घरीं आणतो, गांठ सोडतो, धूळ झटकतो, पानें मोजतो आणि मळकें बासन केराच्या स्वाधीन करतो. पुढें पोथीला नवें कापड मिळतें, त्यावर क्रमांकाची चिठी लागते व पोथी कपाटांत जाते. या रीतीनें पोथीचें रक्षण होतें हें खरें. परंतु पोथीचा जो इतिहास पोथींत लिहिलेला नसतो, त्याचा पुष्कळसा भाग त्याच दिवशीं नाहींसा होतो. हें कापड स्वतंत्र साधन आहे, तें कसें वाचावें आणि त्याच्या साक्षीची मर्यादा कोणती, एवढेंच या टिपणांत दाखवावयाचें आहे.

प्रथम शब्दांचा विचार करूं. पोथी, चोपड्या किंवा कागद बांधून ठेवण्याच्या कापडाला मराठींत बासन म्हणतात. एखादें काम कायमचें बाजूला पडलें म्हणजे तें बासनांत गुंडाळलें असें आपण बोलतों. ज्यांनीं बासन कधीं डोळ्यांनीं पाहिलें नाहीं, तेहि बोलतात. संस्कृतांत आच्छादन करणें या अर्थाच्या वस् धातूपासून वसन, वस्त्र, वासस् हे शब्द झाले. त्याच कुळांतील वासन हा शब्द होय. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत उपनिधीचें लक्षण सांगतांना तो आला आहे. आंत काय आहे हें न सांगतां वासनांत ठेवलेलें द्रव्य दुसऱ्याच्या हातीं विश्वासानें दिलें तर तो उपनिधि, आणि तो जसा दिला तसाच परत केला पाहिजे, असा तेथील नियम आहे. विज्ञानेश्वर मिताक्षरेंत वासन याचा अर्थ करंड इत्यादि आधारवस्तु असा करतो. कापडाचें नांव घेत नाहीं. म्हणजे वस्तूला पोटांत घेणारें व दृष्टीआड करणारें जें कांहीं असेल तें वासन. हिंदींत बासन म्हणजे भांडें आणि मराठींत बासन म्हणजे बांधण्याचें फडकें, हा भेद या मूळच्या व्यापक अर्थावरून मला सहज उलगडतो. मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्यांच्या आश्रयानें लिहिली गेली, आणि तें कल्याण आमच्या सोलापुराहून फार दूर नाहीं, हें जातां जातां नमूद करून ठेवतों.

दुसरा शब्द रुमाल. फारसींत रू म्हणजे तोंड व माल म्हणजे पुसणारा. तोंड पुसण्याचें फडकें इतकाच मूळचा अर्थ. आपल्याकडे तो डोक्याला बांधावयाच्या वस्त्रालाहि लागला व कागद बांधावयाच्या वस्त्रालाहि, आणि शेवटीं कापडाचें नांव आंतल्या गठ्ठ्याला मिळालें. दफ्तर हा शब्द विद्वान ग्रीक भाषेंतील कातड्याच्या नांवाशीं नेऊन भिडवतात. बस्ता म्हणजे फारसींत बांधलेला. कारकुनाचा बस्ता कागदांचा असे. आज लग्नाचा बस्ता बांधतात तो लुगड्या-धोतरांचा. कापडाचा गठ्ठा आणि कापडांत बांधलेल्या कागदांचा गठ्ठा या दोहोंना एकच शब्द पुरला, यांत मला नवल वाटत नाहीं. दौलताबादेचा कागद तरी कशाचा होता? चिंध्या, अंबाडी-तागाचीं जुनीं पोतीं आणि रद्दी कुटून त्याचा लगदा होई. कर्नाटकांत तर चिंचोक्याची खळ व कोळसा चढवून काळें केलेलें कापडच घड्या घालून लिहिण्यास घेत. त्याला कडत म्हणतात, व शृंगेरी मठाचे जुने हिशेब अशा कडतांवर आहेत. तेव्हां कापड बाहेर आणि ग्रंथ आंत ही सीमारेषा आपण समजतों तितकी पक्की नाहीं.

रुमालाचें महत्त्व पुण्याच्या पेशवे दफ्तराइतकें दुसरीकडे कोठें स्पष्ट दिसत नाहीं. तेथें कागदांची मोजदाद रुमालांनीं होते व त्यांची संख्या तीस हजारांहून अधिक आहे. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत या दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ भाग निघाले, ते सर्वांच्या परिचयाचे आहेत. अभ्यासक अप्रकाशित कागदाचा दाखला देतांना रुमालाचा क्रमांक देतो. तेथें कापड हें नुसतें आवरण राहिलेलें नाहीं. तो कागदाचा पत्ता झाला आहे. एका रुमालांतला कागद चुकून दुसऱ्यांत गेला तर तो नष्ट झाल्यासारखाच समजावा.

खासगी घराण्याच्या दफ्तरांतहि, लहान प्रमाणावर, हेंच तत्त्व असतें. एका फडक्यांतले कागद कोणींतरी हेतूनें एकत्र बांधलेले असतात. वाटणीचे एका ठिकाणीं, देवस्थानाच्या सनदा दुसऱ्या ठिकाणीं, कर्जरोखे तिसऱ्या ठिकाणीं अशी ती व्यवस्था असते, आणि मिति नसलेल्या एखाद्या चिठीचा काळ केवळ शेजारच्या कागदावरून ठरवावा लागतो. राजवाड्यांनीं १८९८ सालीं मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून गांवोगांवचीं दफ्तरें सोडलीं जाऊं लागलीं. त्या परिश्रमांमुळें केवढें धन वाचलें हें सांगावयास नको. परंतु कोणता कागद कोणत्या फडक्यांत होता हें जेथें टिपून ठेवलें गेलें नाहीं, तेथें ती जुळणी आतां पुन्हां करतां येणें शक्य नाहीं.

पोथीची गोष्ट कागदाहून थोडी निराळी आहे, कारण पोथी ही पूज्य वस्तु. ती जमिनीवर ठेवीत नाहींत, चौरंगावर किंवा व्यासपीठावर ठेवतात. तिला गंध-फूल वाहतात. दसऱ्यास सरस्वतीच्या जागीं तिचेंच पूजन होतें. यादवांच्या काळीं हेमाद्रीनें चतुर्वर्गचिंतामणि रचला, त्याच्या दानखंडांत पोथी लिहवून, पूजून दान करण्याच्या विधीस स्वतंत्र स्थान आहे. देवाला जसा पोशाख, तसें पोथीला वस्त्र, अशी घरोघरची भावना होती. आणि वस्त्र म्हटलें कीं सोवळ्या-ओवळ्याचा प्रश्न आलाच. सुती वस्त्र धुऊन, कोणाचा स्पर्श न होऊं देतां वाळवावें तेव्हां सोवळें, आणि एकदां विटाळलें कीं पुन्हां धुवावें. रेशमी मुकटा, पीतांबर व लोकरीची धाबळी यांना ही अडचण कमी. मनुस्मृतीच्या पांचव्या अध्यायांत द्रव्यशुद्धि सांगतांना रेशीम व लोकर खाऱ्या मातीनें, डोंगरी कांबळीं रिठ्यानें, तलम पट्टवस्त्रें बेलफळानें व क्षौम पांढऱ्या मोहरीनें शुद्ध करावें असें दिलें आहे. रिठ्यानें रेशीम धुण्याची रीत आमच्या लहानपणीं प्रत्येक घरीं होती. स्मृतींतील वचन आणि परसांतील दगड यांत फारसें अंतर नव्हतें. ज्या पोथीला रोज हात लागावयाचा, तिचें वस्त्र रोज धुतां येत नाहीं. म्हणून आंतलें बासन शक्य तर रेशमी असावें, ही योजना मला पूर्णपणें व्यवहारी दिसते.

येथें एक विरोध मात्र आहे. दुसऱ्यानें वापरलेलें वस्त्र व पादत्राण धारण करूं नये असें तोच मनु सांगतो. आणि आपल्या घरांतील पोथ्यांचीं रेशमी बासनें पाहिलीं तर तीं बहुधा नेसून जीर्ण झालेल्या वस्त्रांचीं असतात. आजोबांच्या पीतांबराचा तुकडा, लग्नांतल्या शालूचा पदर, देवीच्या ओटींतला गुळेदगुड्डचा खण. घरच्या बायकांनीं शास्त्र मोडलें असें मी म्हणणार नाहीं. त्यांनीं वस्त्राचा गुण ओळखला. नव्या कापडांत खळ असते, ती कसरीला व झुरळाला आवडते. जुनेर अनेक वेळां धुऊन मऊ झालेलें, खळ नसलेलें, घडीला सहज वळणारें असतें, त्याची कड पानाच्या कोपऱ्यांना कापीत नाहीं. शिवाय चांगलें रेशीम फाटलें म्हणून टाकण्याचे ते दिवस नव्हते. लुगड्याचें जुनेर, जुनेराची दुपटीं व गोधड्या, आणि त्यांतून जो काठ-पदराचा चांगला तुकडा राही तो देवघरांत जाई.

आमचें टेंभुर्णी पुणें-सोलापूर रस्त्यावर, पंढरपुराकडे वळण्याच्या वाटेवर आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारांतील मुत्सद्दी सदाशिव माणकेश्वर यांच्या नांवाशीं तें जोडलेलें आहे, म्हणून दफ्तरांच्या शोधार्थ येणारी मंडळी येथें अधूनमधून येतात. परंतु या भागांत दफ्तरांपेक्षां पोथ्या पुष्कळ. हरिविजय, भक्तिविजय, पांडवप्रताप, शिवलीलामृत यांच्या हस्तलिखित प्रती साध्या शेतकऱ्यांच्या घरींहि निघतात, आणि त्यांत आश्चर्य नाहीं. श्रीधरकवि याच मुलखांतील नाझऱ्याचा. भीमेवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें. त्याच्या पाण्याखालीं करमाळा-इंदापूर बाजूचीं जीं गांवें गेलीं, तेथल्या घरांतील पोथ्या बासनांसकट उठून नव्या वसाहतींत आल्या. अशा गठ्ठ्यांत कधीं पोथीशीं संबंध नसलेले सातबाराचे उतारे, पत्रिका व पावत्या एकत्र आढळतात. तीहि एक बांधणीच आहे. घाईची आहे इतकेंच.

अशाच एका घरीं मला हरिविजयाची एक पोथी पाहावयास मिळाली. समाप्तींत शक नाहीं, लेखकाचें नांव नाहीं, गांव नाहीं. कागद हातचा, अक्षर सुवाच्य. पण तेवढ्यावरून काळ सांगण्याचें धाडस कोणी करूं नये. पोथीवर एकावर एक तीन वस्त्रें होतीं. सर्वांत बाहेर गिरणीचें मांजरपाटाचें कापड, एका कडेस निळ्या शाईच्या छापाचा अर्धा भाग, बाकीच्या तीन कडा शिवणयंत्रानें दुमडून शिवलेल्या. त्याच्या आंत जाडें तांबडें खारव्यासारखें कापड, विटकरीच्या रंगावर आलेलें, हातानें दुमडून शिवलेलें. सर्वांत आंत इरकली लुगड्याचा तांबडा पदर, पांढऱ्या नक्षीचा, शिवण नसलेला, नुसता फाडून घेतलेला.

तांबड्या कापडाच्या बाहेरच्या अंगाचा रंग उडाला होता व घडीच्या आंतला रंग गडद होता. याचा अर्थ तें पुष्कळ वर्षें सर्वांत बाहेरचें वस्त्र होतें आणि उजेडांत राहिलें, मांजरपाट नंतरचा. कसरीचें एक भोंक तांबड्या कापडांतून, पदरांतून थेट पोथीच्या पहिल्या आठ-दहा पानांपर्यंत सरळ गेलें होतें. मांजरपाटाला त्या जागीं भोंक नव्हतें. म्हणजे किडीचा उपद्रव झाला तेव्हां दोनच वस्त्रें होतीं, आणि तिसरें त्या उपद्रवानंतर, कदाचित् त्यामुळेंच, घातलें गेलें. इरकली पदराच्या घड्यांत काळी बारीक पूड बसली होती. ती बुक्क्याची. पदराचा रंग मात्र कोठेंहि उडालेला नव्हता. पोथी पूजेंत होती, वाचनाच्या वेळीं या पदरावर ठेवली जात होती, आणि घरांत पंढरीची वारी होती, इतकें त्या पुडीवरून म्हणतां येतें. पोथींत एक अक्षर न लिहितां तिच्या तीन अवस्था आपणांस कळल्या : वाचनांतली, कडेला पडलेली आणि किडीनंतर पुन्हां सांभाळलेली.

घरधनी पोथी देण्यास राजी होते. छापील प्रत असतांना हस्तलिखिताचें काय करावयाचें, असा त्यांचा प्रश्न होता. त्यांच्या वृद्ध मातोश्री म्हणाल्या, "गुरुजी, पोथी न्या हवी तर. पदर ठेवा. तो माझ्या सासूबाईंचा आहे." पोथी बाजारांत मिळते, हा पदर मिळत नाहीं, हा त्यांचा युक्तिवाद. मला तो पटला, पण पदर सोडून पोथी नेणें हेंहि बरें वाटेना. म्हणून दोन्हीं तेथेंच ठेवून मीं तिन्ही वस्त्रांचीं मापें व रेखाटन तेवढें करून आणलें. त्या बोलण्यांतून काळाचा धागा मिळाला तो वेगळाच. सासूबाईंचें लुगडें म्हणजे तीन पिढ्यांच्या आंतील गोष्ट. परंतु तांबडें कापड त्याहून जुनें असूं शकतें, कारण आंतलें वस्त्र नेहमींच आधीचें असतें असें नाहीं. जीर्ण झालेलें आंतलें वस्त्र काढून नवें घालतां येतें आणि बाहेरचें तसेंच ठेवतां येतें.

हा मुद्दा नीट ध्यानांत घेतला पाहिजे. बासनाचा काळ हा पोथीचा काळ नव्हे. फार तर तो एका बांधणीचा काळ. गिरणीच्या कापडांत बांधलेली पोथी त्या कापडाच्या आधी केव्हांचीहि असूं शकते. उलट जुन्या कापडांत नवी प्रत बांधली जाणें हेंहि अशक्य नाहीं. पूर्वजांच्या पोथीची पानें झिजलीं, नातवानें नवी नक्कल केली आणि जुन्याच बासनांत ठेवली, असे प्रकार होतात. म्हणून घड्यांच्या खुणा पाहाव्या. कापडावरील जुनी घडी पोथीच्या लांबी-रुंदीशीं जुळत असेल तर तें त्याच पोथीचें. जुळत नसेल तर दुसऱ्या पोथीवरून आलेलें.

कापडाचा स्वतःचा काळ ठरविण्याचीं कांहीं साधनें हाताशीं आहेत. कावसजी दावर यांनीं १८५४ सालीं मुंबईत पहिली सूतगिरणी काढली. सोलापुरांतील पहिली गिरणी १८७७ची, जी पुढें जुनी मिल म्हणून ओळखली गेली. गिरणीच्या कापडाचें सूत सारख्या जाडीचें व कांठ सरळ असतो. तथापि हातमागाचें कापड म्हणजे गिरणीपूर्वींचें कापड असें समजणें चुकीचें होईल. विलायती सूत एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच आपल्या मागांवर चढलें होतें, आणि सोलापूरचे साळी, कोष्टी, पद्मशाली विणकर गिरणीचें सूत आणून हातमागावर विणीत. म्हणून माग पाहूं नये, सूत पाहावें. भिंगांतून पाहिल्यास हातचें सूत कोठें जाड, कोठें बारीक दिसतें व पीळहि कमी-अधिक असतो. शिवणीचा पुरावा त्याहून सोपा. आयझॅक सिंगर यांना शिवणयंत्राचें पेटंट १८५१ सालीं मिळालें; तीं यंत्रें आपल्या गांवांत पोंचावयास आणखी कित्येक दशकें लागलीं. यंत्राची टीप दोन दोऱ्यांची व दोन्हीं बाजूंस सारखी असते. ती दिसली कीं निदान ती कड तरी अलीकडची ठरते.

तांबड्या रंगाविषयीं थोडें विस्तारानें लिहितों, कारण बासनें बहुधा तांबडीं असतात व त्याचें कारण पुष्कळदां विचारलें जातें. लाल रंगाला कीड लागत नाहीं, असें सांगतात. वरील उदाहरणांत कीड तांबड्या कापडांतूनच आरपार गेली होती, तेव्हां या समजुतीवर फार विसंबूं नये. तांबडें कापड मळ झांकतें, मंगल समजलें जातें आणि जुन्या काळीं पक्क्या रंगांत तेंच जाड कापड सहज मिळे, हीं कारणें मला पुरेशीं वाटतात. तो पक्का रंग आलाच्या मुळीपासून काढीत. मुळीची साल कुटून, कापडाला आधीं तुरटीचा पुट देऊन, त्यांत तें शिजवीत. १८६९ सालीं जर्मनींत व इंग्लंडांत मंजिष्ठेंतील लाल द्रव्य दगडी कोळशाच्या डांबरापासून कृत्रिम रीतीनें तयार करण्यांत यश आलें, आणि पुढच्या दशकांत आलाचा धंदा बसत गेला. आलाच्या मुळींतील मुख्य रंगद्रव्य मंजिष्ठेंतील द्रव्याहून निराळें असल्यामुळें रसायनशाळेंत एका धाग्यावरून हा भेद ओळखतां येतो. नुसत्या डोळ्यांनीं ओळखतां येतो असें म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवूं नये. ओलें बोट लावून रंग जातो कीं काय हें पाहण्याची एक खोड पुष्कळांना आहे. कापड पोथीवर असतांना तर ती परीक्षा केव्हांहि करूं नये. कच्च्या लाल रंगाचा एक थेंब पानावर उतरला कीं तो कायमचा.

आपल्या बाहेरच्या जगांत या वस्त्रांकडे कसें पाहिलें जातें, याचीं दोन-तीन उदाहरणें येथें अप्रस्तुत होणार नाहींत. मृतसमुद्राच्या कांठीं कुमरान येथील गुहेंत १९४७ सालीं ज्या हिब्रू गुंडाळ्या सांपडल्या, त्यांच्या काळाविषयीं विद्वानांत मोठा वाद माजला होता. किरणोत्सर्गी कर्बावरून काळ ठरविण्याची नवी रीत विलार्ड लिबी यांनीं काढली होती. परंतु त्या वेळच्या कृतींत बरीचशी वस्तु जाळून टाकावी लागे. गुंडाळी कोण जाळणार? त्या गुहेंतल्या गुंडाळ्यांना वेढलेलें जवसाच्या धाग्याचें कापड मात्र जपून ठेवलें होतें. त्याची परीक्षा झाली व १९५१ सालीं निर्णय प्रसिद्ध झाला कीं, तें कापड इ. स. ३३ च्या सुमाराचें, दोनशें वर्षें मागें-पुढें. अक्षरवळणावरून गुंडाळ्या प्राचीन मानणारांचा पक्ष त्या फडक्यानें बळकट केला. गुहा शोधणारांनीं चिंध्या म्हणून तें टाकलें असतें तर ही साक्ष मिळाली नसती.

दुसरें उदाहरण जर्मनींतील यहुदी लोकांचें. तेथें मुलाच्या सुंतेच्या वेळचें वस्त्र उभें फाडून त्याच्या पट्ट्या जोडीत, त्यावर मुलाचें नांव, बापाचें नांव व जन्मतिथि भरतकामानें किंवा रंगानें लिहीत, आणि ती पट्टी प्रार्थनामंदिरांतील तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळीस बांधण्यासाठीं अर्पण करीत. तिला विंपेल म्हणतात. १९३३ ते १९४५ या काळांत नाझी राजवटीनें जे समाज नष्ट केले, त्यांतील कित्येक माणसांच्या जन्माचा दाखला या पट्ट्यांवर राहिला आहे. ब्रह्मदेशांतहि पोथी बांधण्याची फीत मागावर विणतांनाच तींत दात्याचें नांव व त्याची पुण्यकामना अक्षरांनीं विणीत. तिला साझीजो म्हणतात. तेथील कम्मवाचा नांवाच्या पोथ्यांचीं पानें तर भिक्षूंच्या जुन्या चीवरांवर लाखेचे थर देऊन केलेलीं असतात. आणि रुमाल हा आपलाच शब्द शिखांच्या येथें केवढ्या मानाला चढला आहे, हें पाहावयास नांदेडपर्यंत गेलें तरी पुरे. तेथील हुजूर साहिबांत गुरुग्रंथसाहिबावर जीं भारी वस्त्रें घालतात त्यांस रुमाला म्हणतात, व भाविक लोक तीं नवसानें अर्पण करतात.

जुनीं बासनें पोथीवर ठेवणें धोक्याचें असतें, धूळ व किडीचीं अंडीं त्यांतच असतात, असा आक्षेप येईल. तो बरोबर आहे. पोथीवर जुनें बासन ठेवा असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. पोथीला दोन-तीनदां धुऊन खळ काढलेलें नवें सुती कापड द्यावें आणि तें घट्ट बांधावें. पोथीच्या शेवटीं लेखक जो प्रसिद्ध श्लोक लिहितात, त्यांत पुस्तक स्वतःच तेलापासून, पाण्यापासून व शिथिल बंधनापासून वांचवा अशी विनवणी करतें. या तिन्हींत शिथिल बंधनाकडेच आपलें दुर्लक्ष फार. सैल बासनांत हवेचा ओलावा शिरतो, पानें सरकतात आणि कडा मोडतात. वेखंडाचा तुकडा ठेवण्याची जुनी रीत चांगली आहे, पण तो पानांना न लागतां कापडाच्या दोन थरांमध्यें असावा.

जुनें बासन निराळें ठेवावें, तें न धुतां. हळद, कुंकू, बुक्का, गंध, अक्षतेचा दाणा, तुळशीचें वाळलेलें पान हीं सर्व त्याचीं अक्षरें आहेत. धोबीघाटावर तीं पुसलीं जातात. गांठ सोडण्यापूर्वीं ती जशी असेल तशी रेखाटावी किंवा तिचें छायाचित्र घ्यावें. दोरी, नाडी किंवा कापडाचेंच टोंक, कशानें बांधलें होतें तें लिहावें. एकाहून अधिक वस्त्रें असतील तर बाहेरून आंत अनुक्रम द्यावा. प्रत्येकाची लांबी-रुंदी, सूत, कांठ, छाप, शिवण, डाग, भोंकें व घड्या यांची नोंद पोथीच्या वर्णनांतच, पत्रसंख्येच्या खालीं करावी. वेगळ्या वहींत केलेली नोंद दहा वर्षांत वेगळीच पडते. घरच्या वृद्ध स्त्रियांना वस्त्र दाखवून विचारावें. पुरुषांना पोथीचा कर्ता ठाऊक असतो. पदर कोणाचा हें त्यांना सहसा ठाऊक नसतें. मालकाला वस्त्र आपल्याकडे ठेवावयाचें असेल तर तें ठेवूं द्यावें व नोंदींत तसें लिहावें. आपल्याकडे आल्यास नव्या घड्या न घालतां, स्वच्छ पांढऱ्या कागदांत सैल गुंडाळून, पोथीचाच क्रमांक देऊन पेटींत ठेवावें. चिठी पेन्सिलीनें लिहून सुती दोऱ्यानें बांधावी. डिंकानें चिकटवूं नये व टांचणीनें लावूं नये, कारण टांचणी गंजते आणि रेशमाला त्या जागीं भोंक पडतें.